झाडावरचं, कातळावरचं पानासारखं दगडफूल कसं ओळखावं: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी

मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल सगळ्यांच्या ओळखीचं. पण परसातल्या आंब्याच्या खोडावर त्याचेच भाऊबंद पसरलेले असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. झाडाला काहीतरी ‘लागलंय’ असं समजून लोक खोड खरवडतात, चुना फासतात. त्याची काही गरज नसते. दगडफूल झाडातून अन्न शोषत नाही, सालीचा वापर फक्त टेकायला करतं. मरत आलेल्या झाडावर ते जास्त दिसतं खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे: पानं झडली की खोडावर ऊन पोचतं आणि दगडफुलाला ऊन लागतं.

शास्त्रीय मराठीत याला शैवाक म्हणतात. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून एक शरीर बनवतात. घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाचा. सिमॉन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली ही गोष्ट मांडली तेव्हा त्या काळच्या नामवंत शैवाकतज्ज्ञांनी ती उडवून लावली होती. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी काही जातींच्या वरच्या थरात यीस्टही राहत असल्याचं दाखवलं. नवशिक्याला इतकी प्रस्तावना पुरे.

शैवाकांचे ढोबळ तीन आकार असतात. सालीला रंग फासल्यासारखे चिकटलेले, पानासारखे आणि दाढीसारखे लोंबणारे. माडा-पोफळीच्या खोडांवर दिसणारे पांढुरके चट्टे आणि त्यांवरची काळी अक्षरांसारखी रेघोटी पहिल्या प्रकारातली. ती सध्या सोडून द्या. हा लेख दुसऱ्या प्रकारासाठी आहे, आणि त्यातही पश्चिम घाटात सर्रास सापडणाऱ्या पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीसाठी. ती एक नीट ओळखता आली की बाकीच्या तिच्याशी ताडून पाहता येतात.

सुरुवात वाण्याच्या दुकानातून

जंगलात जाण्याआधी ५० ग्रॅम दगडफूल विकत आणा. हे बहुधा हिमालयातून किंवा दक्षिणेच्या डोंगरांतून आलेलं असतं आणि त्यात एकच जात जवळपास कधीच नसते. वर्तमानपत्रावर पसरा आणि नुसत्या डोळ्यांनी ढीग करा.

एका ढिगात रुंद, गोलसर पाळ्यांचे (शैवाकाच्या पानासारख्या फाट्यांचे) तुकडे जातील: वरून राखाडी, खालून मधोमध काळे आणि कडेला तपकिरी. हे बहुतेक पार्मोट्रेमा. दुसऱ्या ढिगात अरुंद, पट्टीसारखे, पन्हळीसारखे आत वळलेले आणि कडेला काळे केस असलेले तुकडे. ते साधारणपणे हायपोट्राकायना सिऱ्हाटा. जुन्या पुस्तकांत ही एव्हर्नियास्ट्रम नावाने सापडेल. तिसऱ्या ढिगात सालीचे कपचे, शेवाळ, काड्या आणि कधीकधी दाढीसारखे धागे.

पहिल्या दोन ढिगांतले काही तुकडे वेगवेगळ्या कागदी पाकिटांत जपून ठेवा. पुढे रसायनांच्या चाचण्या येतात, तिथे यांची गरज पडणार आहे. उरलेलं मसाल्याला चालेल, फक्त साल आणि काड्या काढून टाका. मसाल्यात कचकच येते ती त्यांचीच.

जवळ काय असावं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनारांकडे असतं तसं घडीचं. वीस-तीस पटींच्या स्वस्त भिंगांच्या नादाला लागू नका. त्यांतून दिसणारा भाग इतका लहान असतो की आपण पाळीच्या कुठल्या टोकाला आहोत तेच कळत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि मग खोडाच्या जवळ जायचं. नवखा माणूस भिंग वस्तूजवळ धरतो आणि डोळा लांब ठेवतो, म्हणून त्याला काही दिसत नाही.

पाण्याची फवारणीची बाटली. १५ सेंटिमीटरची स्टीलची पट्टी. फोटोत मापासाठी नाणं ठेवू नका, रुपयाच्या नाण्याचा आकार आजवर बऱ्याचदा बदलला आहे. पातळ ब्लेड किंवा पेनचाकू. जुने ए-फोर कागद. शिसपेन्सिल, कारण गोव्याच्या दमट हवेत शाई फुटते. जमलं तर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. बाजारात स्वस्त मिळणारा ३९५ चा टॉर्च सगळंच जांभळं करून टाकतो आणि दिशाभूल करतो.

कधी आणि कुठे पाहावं

चवथीनंतर पाऊस ओसरला की ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भर पावसात शैवाकं दिसतात टवटवीत, पण ओल्या नमुन्यावर रसायनाचा रंग पातळ होऊन नीट उमटत नाही, आणि मोले-नेत्रावळीच्या बाजूला जळवांचा त्रास वेगळा. एप्रिल-मेमध्ये ती कोरडी, ठिसूळ होतात आणि सोडवताना चुरा होतो.

झाड निवडताना साल बघा. आंबा, काजू, फणस, भिरंड, माड, पोफळ आणि राज्यवृक्ष असलेली माट्टी ही चांगली झाडं. पेरू, निलगिरी आणि नाणा यांची साल सोलून पडते. त्यांच्यावर तासभर घालवून हाती काही लागत नाही, कारण शैवाक वाढतं सावकाश आणि त्याच्या पायाखालची साल त्याआधीच गळून जाते. चुना मारलेलं रस्त्याकडेचं खोडही बाद.

मग जागेचा उजेड. दाट सावलीच्या जंगलात खोडांच्या तळाशी पानासारखी शैवाकं थोडी असतात. खरी मजा वर फांद्यांवर चाललेली असते. म्हणून वाऱ्यापावसाने नुकत्या पडलेल्या फांद्या सोडू नका, झाडावर न चढता शेंड्याची शैवाकं हातात येतात. कुळागरात पाण्याचे पाट आणि विरळ ऊन दोन्ही असल्याने तिथे भरपूर विविधता मिळते. समुद्रकाठच्या माडांवर खारा वारा आणि कडक ऊन सोसणारी, घट्ट चिकटलेली अरुंद पाळ्यांची शैवाकं जास्त. रुंद पाळ्यांची मोठी शैवाकं पाहायची तर सत्तरीकडे, सुमारे ८०० मीटर उंचीच्या चोर्ला घाटाकडे, काणकोण-सांग्याच्या डोंगरांकडे वळा.

कातळावर पाहायचं असेल तर जांभ्याचा उघडा सडा चांगला. पण जांभा भुसभुशीत असतो, वरचा थर निघून येतो. त्यामुळे अखंड, जुने, पाणी न साचणारे खडक बघा. डिचोली-सांगे पट्ट्यात खनिजवाहू रस्त्यांच्या कडेला लाल धूळ बसते आणि राखाडी शैवाक विटकरी दिसतं. आधी पाणी फवारून धुवा, मग रंगाबद्दल बोला.

परवानगीचं आधी मिटवा. म्हादई, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव आणि भगवान महावीर अभयारण्य, तसंच मोले राष्ट्रीय उद्यान इथून काहीही उचलायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वनखात्याची लेखी परवानगी लागते. तिथे फोटो काढा, तेवढ्यावर समाधान माना. तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर किंवा जुन्या गोव्यातली चर्चेस यांच्या दगडांवरचं शैवाक नखानेही खरवडायचं नाही. देवराईत गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पान हलवू नये. खाजगी भाटात शिरताना भाटकाराला विचारा. बहुतेक जण खुशीने होकार देतात आणि वर सोलकढी पाजतात.

पहिली परीक्षा: हे शैवाकच आहे का?

कोरड्या तुकड्यावर पाणी फवारा आणि दोनेक मिनिटं थांबा. शैवाकाचा वरचा थर ओला झाला की पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. राखाडीचा हिरवट रंग होतो. सुकलं की पुन्हा राखाडी. हा बदल दिसला की नव्वद टक्के काम झालं.

फसवणारे चार जण आहेत. खोडांवर आणि भिंतींवर केशरी-तांबडं मखमली आवरण दिसतं ते ट्रेंटेपोहलिया नावाचं शैवाल. रंग केशरी असला तरी गटाने हिरवं. ते एकटं राहत असेल तर शैवाक नव्हे. आंबा, पेरू, मिरवेल यांच्या पानांवरचे केशरी-तपकिरी मखमली ठिपके सेफॅल्युरॉस या शैवालाचे. हा खरोखर पानाला त्रास देणारा रोग आहे, आणि शैवाकाला मिळणाऱ्या शिव्या खऱ्या याच्या वाट्याच्या. तिसरे लिव्हरवर्ट, म्हणजे सालीवर चिकटलेले चपटे शेवाळवर्गीय जीव: ते कोरडे असतानाही हिरवे, तपकिरी किंवा लालसर असतात, राखाडी नसतात, आणि भिंगाखाली दोन ओळींत मांडलेली चिमुकली पानं दिसतात. चौथी फळीसारखी बुरशी. ती ओली केली तरी हिरवी होत नाही.

शरीर वाचायला शिका

आता ब्लेडचं पातं कडेखाली हलकेच सरकवा. कड सुटून वर आली तर पानासारखं शैवाक. अजिबात सुटत नसेल, सालीसकटच येत असेल, तर ते चिकट्या प्रकारातलं किंवा घट्ट बसणाऱ्या डिरिनारियासारखं काही.

पुढच्या सहा गोष्टी याच क्रमाने पाहा आणि प्रत्येक लिहून काढा. क्रम बदलला की माणूस रंगावर जातो, आणि रंगावरून नाव द्यायला लागलं की चूक ठरलेली.

पाळीची रुंदी. पट्टी लावून मोजा, अंदाज नको. एक मिलिमीटरच्या आसपास, तीन-चार मिलिमीटर, की सेंटिमीटरभर?

खालची बाजू. हीच सर्वांत बोलकी आणि हीच लोक बघत नाहीत. काळी, तपकिरी, पांढरी की कापसासारखी? मुळांसारखे केस, ज्यांना ऱ्हायझाइन म्हणतात, ते अगदी कडेपर्यंत आहेत की कडेला मोकळा पट्टा सोडलाय? रुंद पाळ्या, काळा मध्य आणि कडेला केसांशिवाय तपकिरी पट्टा हे तिन्ही जुळले तर पार्मोट्रेमा गृहीत धरून पुढे चला.

कड. पापण्यांसारखे काळे केस आहेत का? पार्मोट्रेमाच्या बऱ्याच जातींना असतात, टिंक्टोरमला नसतात. एकाच पाळीवर ठरवू नका, पाच-सहा पाळ्या फिरवून बघा. कडेला चिकटलेले सालीचे तंतू आणि कोळ्याची जाळी केसांसारखी दिसतात.

वरचा पृष्ठभाग. इथे दोन गोष्टींत घोटाळा हमखास होतो. इसिडिया म्हणजे शरीरावर उगवलेले बारीक खुंट; त्यांना स्वतःची साल (झाडाची नव्हे, शैवाकाचा वरचा थर) असते, त्यामुळे ते शरीराच्याच रंगाचे आणि गुळगुळीत दिसतात. सोरेडिया म्हणजे सालीशिवायचे पिठूळ कण. दोन्ही शैवाकाची पैदास करतात, बुरशी आणि शैवाल यांची जोडी एकत्र पुढे पाठवतात. फरक बोटाने कळतो: कोरड्या पृष्ठभागावर बोट हलकेच फिरवा. पीठ लागलं तर सोरेडिया. खरखरीत लागलं आणि मोडून बारीक तुकडे पडले तर इसिडिया. भिंगातून मात्र जुने, मोडलेले इसिडिया पिठासारखे भासतात. म्हणून मध्यभागी न पाहता कडेजवळचा ताजा भाग बघा.

ताटल्या. बुरशीच्या बीजाणूंच्या तपकिरी किंवा काळ्या चकत्या असतील तर नोंद करा, नसतील तर ‘नाहीत’ असं लिहा. टिंक्टोरमवर त्या क्वचितच दिसतात.

गाभा. ब्लेडने वरचा थर एक-दोन मिलिमीटर खरवडा. खाली कापसासारखा पांढरा थर म्हणजे गाभा. त्याचा रंग लिहा.

गोव्यात भेटणारे नेहमीचे चेहरे

सखल भागात, रस्त्याकडेच्या आंब्यावर आणि माडावर पिक्सिने कोकोएस जवळपास नक्की भेटेल. पाळ्या एक मिलिमीटरच्या आसपास, राखाडी-पांढऱ्या, पिठूळ ठिपके असलेल्या. अंधारात ३६५ चा टॉर्च मारला की पिवळी चमकते, कारण तिच्या सालीत लायकेझँथोन नावाचं रसायन असतं. तिच्याशेजारी डिरिनारिया असते, तशीच राखाडी, पण चमकत नाही, आणि खालच्या बाजूला केस नावालाही नसतात. एवढी इस्त्री केल्यासारखी चिकटलेली असते की कड उचलताना फाटते. टॉर्चशिवाय या दोघींत बरेच जाणकारही गोंधळतात.

फिसियाच्या पाळ्याही अरुंद, पण खालची बाजू फिकट आणि केस असलेली. के-द्रावणाने (ते कसं बनवायचं ते पुढे येतं) वरची साल पिवळी होते, पिक्सिने कोकोएसची होत नाही. हेटेरोडर्मिया थोडी लांबट, सुटी पसरते, कडेला केस असतात आणि काही जातींत खालची सालच नसते, नुसता कापूस. घाटाच्या ओल्या बाजूला लेप्टोजियम सापडेल: कोरडी असताना निळसर-करडी, कागदासारखी पातळ, ओली केली की फुगून जेलीसारखी होते. तिच्यात हिरव्या शैवालाऐवजी नॉस्टॉक हा नील-हरित जीव असतो, म्हणून पाणी घातल्यावर हिरवी झाली नाही तरी घाबरू नका.

पार्मोट्रेमा टिंक्टोरम पक्की करणे

नायलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने तिचं वर्णन १८७२ मध्ये केलं, आणि गंमत म्हणजे शैवाक ओळखण्यासाठी रसायनाचे थेंब वापरायची पद्धत १८६६ मध्ये त्यानेच रूढ केली. ही जात त्या पद्धतीसाठीच जन्मल्यासारखी आहे.

डोळ्यांनी दिसणारी खूण अशी: पसारा तळहातापासून ताटाएवढा, पाळ्या गोलसर, एक ते दोन सेंटिमीटर रुंद, वरून फिकट राखाडी, कडेला केस नाहीत, मध्यभागावर इसिडियांची दाट खरखर, खाली काळा मध्य आणि तपकिरी मोकळी कड, गाभा पांढरा.

यानंतर दोन द्रावणं.

के-द्रावण: १ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या चकत्या १० मिलिलिटर पाण्यात. पाण्यात चकत्या टाकायच्या, चकत्यांवर पाणी ओतायचं नाही, भांडं तापतं. प्लॅस्टिकच्या थेंबबाटलीत ठेवा, काचेचं बूच काही दिवसांत घट्ट चिकटतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने द्रावण हळूहळू निकामी होतं, म्हणून बाटलीवर तारीख टाका आणि सहा महिन्यांनी नवीन करा. कातडी भाजते, डोळ्याला धोका आहे. चष्मा आणि हातमोजे लावूनच काम करा.

सी-द्रावण: कपड्यांचं साधं द्रवरूप ब्लीच, पाणी न मिसळता. सुगंधी किंवा रंगीत नको. ते नसेल तर ब्लीचिंग पावडर पाण्यात ढवळून, गाळ बसू देऊन वरचं निवळ पाणी वापरा. मात्र ते रोज ताजं लागतं. ब्लीच संडास साफ करायच्या आम्लाजवळ किंवा अमोनियाजवळ नेऊ नका, विषारी वायू निघतो.

पी नावाची तिसरी चाचणी पुस्तकांत दिसेल. तिचं रसायन अंगाला घातक आहे, सगळीकडे डाग पाडतं. घरी करूच नका.

झाडावर थेंब टाकायचा नाही. चार-पाच मिलिमीटरचा कोरडा तुकडा पांढऱ्या कागदावर घ्या. एका जागी साल तशीच ठेवा, दुसरीकडे खरवडून गाभा उघडा करा. दात कोरायच्या काडीच्या टोकावर बसेल एवढंच द्रावण लावा. बाटलीतून थेंब सोडला तर तो पसरतो आणि सालीचा रंग गाभ्याचा समजला जातो, ही सर्वांत जास्त होणारी चूक. केसांचा कुंचलाही नको, ही द्रावणं केस खातात.

टिंक्टोरमचं उत्तर: के लावल्यावर साल पिवळी, कारण तिच्यात अॅट्रानोरिन आहे, गाभ्यावर के-ने काही नाही. सी लावल्यावर गाभा लगेच लाल होतो, हे लेकॅनोरिक आम्लाचं काम. हा लाल रंग काही क्षणांत उडू शकतो. काडी लावतानाच भिंगातून बघत असायला हवं. काडी ठेवून मग भिंग शोधाल तर ‘रंग नाही’ असं लिहून मोकळे व्हाल.

आता वाण्याकडच्या त्या पाकिटांचं काम. प्रत्येक वेळी काम सुरू करताना पहिल्या ढिगातल्या, आधी लाल झालेल्या तुकड्यावर सी लावून बघा. लाल आला नाही तर तुमचं ब्लीच मेलंय, शैवाकाचा दोष नाही. दुसऱ्या ढिगातल्या हायपोट्राकायना सिऱ्हाटाच्या गाभ्यावर के लावा: आधी पिवळा, मग अर्ध्या-एक मिनिटात रक्तासारखा लाल. तिच्यातल्या सॅलाझिनिक आम्लामुळे हे होतं. नाही झालं तर के नवीन बनवा. पहिल्या ढिगातले सगळेच तुकडे सी-ने लाल होणार नाहीत, कारण त्यात पार्मोट्रेमाच्या दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात; जे झाले ते वेगळे करून जपा.

टिंक्टोरमसारख्या दिसणाऱ्या तिघी लक्षात ठेवा. पार्मोट्रेमा प्रेसोरेडिओसम सखल भागात असते, कडेला पिठूळ पट्टे, गाभ्यावर के आणि सी दोन्ही निष्क्रिय. पार्मोट्रेमा क्रिस्टिफेरमही पिठूळ कडांची, पण गाभा के-ने पिवळा होऊन लाल. खरी फसवणारी पार्मोट्रेमा सॅकॅटिलोबम: तिला इसिडियाच असतात, कडेला केस नसतात, नुसत्या डोळ्याला जुळी बहीणच. तिच्या गाभ्यावर सी-ने लाल येत नाही. फोटोवरून ‘टिंक्टोरम’ म्हणून नाव दिलेल्या नमुन्यांत ती किती लपलेली असेल, याचा विचार करून पाहा.

नमुना घ्यायचाच असेल तर

एका पसाऱ्यातून तीन-चार सेंटिमीटरचा कडेचा तुकडा पुरतो. अख्खं शैवाक काढू नका. पानासारखी शैवाकं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, ताटाएवढा पसारा हा वर्षानुवर्षांचा असतो. एका झाडावर एकच पसारा असेल तर नुसता फोटो. आधी पाणी फवारा, पाच मिनिटं थांबा आणि मऊ झाल्यावर ब्लेडने सोडवा. कोरडं ओढलं की खालची बाजू झाडावर आणि वरची तुमच्या हातात.

घरी आल्यावर वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर एखादं हलकं पुस्तक. पंख्याखाली एक-दोन दिवसांत सुकतं. उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक रात्र राहिलं तरी गोव्याच्या दमटपणात बुरा धरतो, आणि मग तो बुरा की सोरेडिया यावर चर्चा रंगते.

सुकल्यावर ए-फोर कागदाची घडी घालून पाकीट करा: खालचा तिसरा भाग वर, दोन्ही बाजू मागे, वरचा भाग झाकणासारखा खाली. डिंक लावू नका, त्याला किडे लागतात. मग पाकीट घट्ट बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, आतले माइट आणि पुस्तकी उवा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी बसतं. साठवण स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि पावसाळ्यात दर महिन्याला पुड्या बदलून.

पाकिटावर तारीख, गाव आणि तालुका, अक्षांश-रेखांश, झाडाचं नाव, जमिनीपासून उंची, ऊन की सावली, आणि चाचण्यांचे निकाल लिहा. ‘आंबा, १.५ मी., अर्धं ऊन, साल के पिवळी, गाभा के निष्क्रिय, गाभा सी लाल’ एवढी ओळ दहा फोटोंपेक्षा उपयोगाची. ज्या भागावर रसायन लावलं तो तुकडा कापून टाका, पाकिटात परत घालू नका, आणि मसाल्याच्या डब्यात तर मुळीच नाही.

रस्त्याकडच्या झाडावरचं दगडफूल काढून स्वयंपाकात वापरावं का, हा प्रश्न हमखास येतो. वापरू नये. शैवाकाला मुळं नसतात, जे काही लागतं ते हवेतून आणि पावसातून घेतं, आणि त्याबरोबर धुरातले जड धातूही साठवतं. याच गुणामुळे हवेच्या प्रदूषणाचा अंदाज घ्यायला जगभर शैवाकं वापरतात.

नाव ठरत नसेल तेव्हा

प्रजातीपर्यंत, म्हणजे नावाच्या पहिल्या शब्दापर्यंत (जीनस), पोचून थांबणं यात कमीपणा नाही. इंटरनेटवर फोटो टाकताना खालच्या बाजूचा, कडेचा आणि पट्टीसह एक असे किमान तीन फोटो टाका. चाचणी झाली नसेल तर ‘पार्मोट्रेमा, जात अनिश्चित’ एवढंच लिहा. मोबाइलचं ओळख-अॅप वरच्या बाजूचा रंग पाहून अंदाज बांधतं, त्याला गाभ्यातलं आम्ल दिसत नाही.

खरा अभ्यास करायचा असेल तर शेजारीच पुण्यात आघारकर संशोधन संस्थेच्या संग्रहात पश्चिम घाटातली शैवाकं आहेत, पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी तिथे या विषयावर मोठं काम केलं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतही मोठा संग्रह आहे, आणि भारतीय शैवाकशास्त्राचा पाया घालणारे डी. डी. अवस्थी लखनौचेच. अशा ठिकाणी नमुना पाठवायचा तर आधी पत्र लिहून विचारा, एकाच जातीचा सुकवलेला नमुना एका पाकिटात घाला, आणि त्याचा दुसरा तुकडा त्याच क्रमांकाने स्वतःकडे ठेवा. उत्तर आलं की नाव त्या तुकड्याच्या पाकिटावर, तारखेसह, जुनं नाव न खोडता खाली लिहायचं.